डिस्कवाला की बिनडिस्कचा? प्लेस्टेशन ५ स्लिमचे आमच्या घरातले दोन पावसाळे

मे २०२४ मध्ये मी प्लेस्टेशन ५ स्लिम हा सोनीचा गेम खेळायचा कन्सोल घेतला, डिस्क ड्राइव्हवाला, म्हणजे डिस्क घालायची खाच असलेला. किंमत ५४,९९० रुपये. त्याच फळीवर, त्याच कंपनीचा, आतून तसाच पण ड्राइव्ह नसलेला कन्सोल ४४,९९० ला होता. दुकान पणजीतलं. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, महागडी वस्तू गळ्यात मारायला बघत नव्हता. उलट म्हणाला, "ताई, आता सगळे डाउनलोडच करतात. दहा हजार कशाला घालवता?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. एवढंच म्हटलं की डिस्कवालाच द्या. आता दोन पावसाळे आणि गणपतीच्या दोन चवथी झाल्या, उत्तर तयार आहे. फोंडा, डिचोली, म्हापसा, कुठेही बसून कुणी हाच विचार करत असेल तर उपयोग होईल, म्हणून सविस्तर लिहिते. गेम कसे आहेत, चित्र किती सुंदर दिसतं, यावर भरपूर लिहिलं गेलंय. मी फक्त त्या दहा हजारांच्या खाचेबद्दल लिहिणार आहे.

माझं फोंड्यात औषधांचं दुकान आहे. घरी नवरा, बारा वर्षांची रेवा, आणि आई गेल्यापासून आमच्याकडेच असलेले बाबा. बाबा मराठी शाळेत शिक्षक होते. गाण्याचे आणि नाटकाचे वेडे. माझा आणि धाकट्या भावाचा पहिला कन्सोल प्लेस्टेशन २. तो बाबांनीच घेऊन दिला होता, आणि ते गेमसाठी नव्हे. त्या यंत्रात गेम चालायचे, डीव्हीडी चालायची आणि गाण्याच्या सीडीही चालायच्या. "म्हणजे वेगळा प्लेयर घ्यायला नको," असं म्हणून त्यांनी पैसे काढले. जगभर कित्येक घरांत तो असाच शिरला. मार्च २००० मध्ये जपानात आला तेव्हा डीव्हीडी प्लेयर ही महाग वस्तू होती आणि लोकांना एका पैशात दोन कामं होत होती. पुढे त्याचे १५ कोटींहून जास्त नग विकले गेले.

त्याच हिशेबाने मी नवा घेतला. आणि पहिल्याच रविवारी बाबा त्यांचा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन दिवाणखान्यात आले.

त्या डब्यात तीसेक सीडी आहेत. बहुतेक नाट्यगीतं आणि अभंग. जितेंद्र अभिषेकींच्या सर्वात जास्त. अभिषेकी आमच्याच तालुक्यातल्या मंगेशीचे, आणि बाबांनी त्यांना देवळाच्या सभामंडपात बसून ऐकलंय. बाबांनी सीडी दोन बोटांच्या चिमटीत धरली, मधलं भोक आणि कड, मध्ये कुठेही बोट लागू न देता, आणि फटीत अलगद सरकवली. शेवटचा बोटभर भाग यंत्राने स्वतः आत ओढून घेतला. आत घरघर झाली, थांबली, पुन्हा झाली. मग टीव्हीवर ओळ आली की ही डिस्क इथे चालणार नाही. बाबांनी बटण दाबून ती बाहेर काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा घातली. त्यांना वाटलं धूळ असेल.

धूळ नव्हती. प्लेस्टेशन ५ सीडी वाचतच नाही. गाण्याची सीडी नाही आणि म्हणून व्हीसीडी, म्हणजे सिनेमा-नाटकाची सीडी, तीही नाही. हे कंपनीने लपवलेलं नाही. तपशिलाच्या पानावर डिस्कचे प्रकार दिलेत: अल्ट्रा एचडी ब्लू-रे, साधी ब्लू-रे (डीव्हीडीच्या पुढच्या पिढीतली डिस्क) आणि डीव्हीडी. सीडी त्यात नाही. मी ते पान वाचलं होतं, पण जी डीव्हीडी वाचते ती सीडी वाचणारच असं मनात गृहीत धरलं होतं. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं तसंच होईल, म्हणून हे इतक्या ठळकपणे सांगते. मराठी घरांत नाटकांच्या व्हीसीडींचे गठ्ठे आहेत. एक नाटक, दोन किंवा तीन डिस्क, पातळ प्लास्टिकच्या पाकिटात. त्यातली एकही या यंत्रात चालणार नाही.

कारण समजून घेतलं तेव्हा राग थोडा कमी झाला. सीडी वाचायला लागणारा लेझर किरण ७८० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. डीव्हीडीला ६५० चा, लाल. ब्लू-रेला ४०५ चा, जांभळट निळा. किरणाची तरंगलांबी जितकी कमी, तितका त्याचा ठिपका बारीक पाडता येतो, आणि तितके खड्डे दाटीवाटीने कोरता येतात. म्हणून त्याच बारा सेंटिमीटरच्या तबकडीवर सीडीत ७०० एमबी, डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी, ब्लू-रेच्या एका थरात २५ जीबी, आणि अल्ट्रा एचडी ब्लू-रेच्या तीन थरांत १०० जीबीपर्यंत माल मावतो. तिन्ही वाचायच्या तर तिन्ही किरणांची सोय ठेवावी लागते. प्लेस्टेशन ३ मध्ये ती होती. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ पासून सीडी सोडून दिली. मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एक्स मात्र आजही गाण्याच्या सीडी वाजवतो, म्हणजे ठरवलं तर करता येतं. ज्यांच्या घरी बाबांसारखा डबा आहे त्यांनी ही एक गोष्ट जरूर तोलून पाहावी. मला आधी नीट कळलं असतं तर मी निदान दोन दिवस जास्त विचार केला असता.

तरी मी पुन्हा डिस्कवालाच घेईन. का ते सांगते.

आधी पैसे. दुकानाच्या सवयीने मी घरातल्या खरेदीचीही वही ठेवते. या काळात आम्ही गेमच्या ९ डिस्क घेतल्या, ३ नव्या आणि ६ वापरलेल्या. सगळ्या मिळून २१,३०० रुपये. त्यातल्या ५ खेळून झाल्यावर विकल्या, त्यांचे ८,७०० आले. म्हणजे नऊ गेमना पदरचे १२,६०० गेले. दर वेळी मी त्या दिवशीची प्लेस्टेशनच्या ऑनलाइन स्टोअरवरची किंमत शेजारी लिहून ठेवत होते. त्या रकान्याची बेरीज ३४,००० च्या वर गेली. सोनीचे स्वतःचे मोठे गेम आम्ही घेत होतो तेव्हा आपल्याकडे नवे असताना ४,९९९ ला असायचे, डिस्क घ्या की डाउनलोड करा. फरक पडतो तो नंतर. डाउनलोड केलेला गेम विकता येत नाही. डिस्कवाला गेम पंधरा दिवसांत संपवून विकला तर निम्म्याहून जास्त पैसे परत येतात. एक मात्र कबूल करते, स्टोअरवर सेल लागतो तेव्हा जुने गेम फार स्वस्त होतात. घाई नसलेल्या, वर्षाला दोनच गेम खेळणाऱ्या माणसाला हा माझा हिशेब लागू पडणार नाही. आमच्याकडे रेवा आहे, भाचा आहे आणि मी आहे. तिघांचं मिळून वर्षाला दोनावर भागत नाही.

या हिशेबात उसनवारी धरलेली नाही. भाचा मडगावला असतो. त्याची एक डिस्क आमच्याकडे, आमची एक त्याच्याकडे, अशी फिरती सुरूच असते. रविवारी जेवायला आले की बहिणीच्या पर्समधून डबी निघते. मी लहान असताना दिवाळी अंक असे घरोघर फिरायचे.

डिस्क घातली की गेम डिस्कवरून चालतो असं मात्र नाही. हा गैरसमज मला खूप जणांत आढळला. ब्लू-रे ड्राइव्ह सेकंदाला पन्नास एमबीच्याही आत वाचतो, तर आतली एसएसडी, म्हणजे कन्सोलची स्वतःची साठवणीची जागा, साडेपाच जीबी. नव्या गेमना डिस्कचा वेग पुरणारच नाही. म्हणून गेम आधी एसएसडीवर उतरतो आणि डिस्क नंतर फक्त चावीसारखी आत ठेवावी लागते. त्यामुळे स्लिममधली १ टीबी जागा डिस्कवाल्यांनाही तितकीच लागते, वाचत नाही. फायदा वेगळा आहे. जागा भरली की गेम पुसून टाकायचा आणि हवा तेव्हा डिस्कवरून पुन्हा चढवायचा, नेट न वापरता. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर ८० जीबी उतरायला पावणेदोन तास लागतात, तेही पूर्ण वेग मिळाला तर. आमच्याकडे पावसाळ्यात तो मिळत नाही. जूनमध्ये वारा सुटला की माडाचं एखादं चुडत केबलवर येतं आणि दोन दिवस नेट बंद. लाइनमनला दोष देता येत नाही, तो बिचारा भिजत एकाच दिवशी दहा ठिकाणी जात असतो.

याच नेटमुळे पहिल्या दिवशी एक अडचण झाली. स्लिमचा ड्राइव्ह सुटा होणारा आहे. म्हणून कन्सोल आणि ड्राइव्ह यांची गाठ कंपनीच्या सर्व्हरमार्फत एकदा घालून द्यावी लागते. सुरुवातीला मांडणी करताना इंटरनेट लागेल हे कंपनीने लिहिलेलं आहे. मी खोकं उघडलं त्या संध्याकाळी मान्सूनपूर्व सर झाली होती आणि नेट गेलं होतं. डिस्क हातात, कन्सोल समोर, रेवा शाळेच्या गणवेशातच बसलेली, आणि ड्राइव्ह तयार नाही. शेवटी मोबाइलचा हॉटस्पॉट लावला, पाच-सात मिनिटांत काम झालं. त्यानंतर आजतागायत पुन्हा गाठ घालावी लागली नाही. पण पटण्यासारखी गोष्ट नाही ही. नेट नको म्हणून माणूस डिस्क घेतो, आणि तीच चालू करायला नेट मागितलं जातं. उद्या हे सर्व्हर बंद पडले तर न जोडलेल्या ड्राइव्हचं काय, हा प्रश्न माझ्या मनात राहून गेलाय. जे नवीन घेतील त्यांनी गावी नेण्याआधी, नेट असलेल्या जागी हे एकदा उरकून घ्यावं.

गावाचं सांगायलाच हवं, कारण माझ्या लेखी दहा हजार तिथेच फिटले. नवऱ्याचं मूळ घर सत्तरीत, वाळपईच्या पुढे. चवथीला सगळे तिथे जमतात. २०२४ ची चवथ ७ सप्टेंबरला होती. आम्ही आदल्या दिवशी निघालो आणि रेवाच्या आग्रहाखातर कन्सोल जुन्या शालीत गुंडाळून पिशवीत घातला. स्लिम ३.२ किलोचा आहे. पहिल्या पिढीतला डिस्कवाला ४.५ किलोचा होता, तो असा नेला नसता. घरात फोनला एक दांडी, तीही व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी, खतखतं आणि पातोळ्या झाल्यावर, मोठी माणसं आडवी झाली आणि गणपतीवर बांधलेल्या माटोळीच्या खालच्या खोलीत नव्हे, पलीकडच्या बाळंतिणीच्या खोलीत मुलांनी टीव्ही लावला. पुण्याहून आलेल्या पुतण्याने एक नवीन डिस्क आणली होती. रेवाने ती घातली. अर्ध्या तासाच्या वर लागला चढायला. सात मुलं पट्टी पुढे सरकताना बघत बसली होती. मग गेम सुरू झाला. ना खातं विचारलं, ना परवाना तपासला, ना काही. संध्याकाळी आरतीच्या घुमट वाद्याचा आवाज आला तसा सगळ्यांनी आपणहून कंट्रोलर ठेवला आणि आरतीला पळाली.

डिस्कवरचा गेम हा छापला त्या दिवशीचा असतो, ही त्यातली दुसरी बाजू. नंतर केलेल्या दुरुस्त्या नेटवरूनच येतात. त्या दुपारी दोनदा गेममधला माणूस भिंतीत अडकला आणि मागून सुरुवात करावी लागली. फोंड्याला आल्यावर दुरुस्ती उतरवली, मग पुन्हा तसं झालं नाही. आणि काही डब्यांत डिस्क नसतेच. नुसता कागदावरचा कोड असतो. काहींत डिस्क असते पण तिच्यावर गेमचा तुकडाच असतो, बाकीचा उतरवावा लागतो. डबा घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. डाउनलोड लागेल असं लिहिलं असेल तर ती डिस्क गावी नेऊन उपयोग नाही. निन्तेन्दो कंपनीने जून २०२५ मध्ये स्विच २ हा कन्सोल आणला, त्याच्या काही गेमचं कार्डही असंच आहे. कार्डावर गेम नसतो, फक्त तो उतरवायची परवानगी असते. अशा वस्तूला मी डिस्क किंवा कार्ड मानत नाही. ती पावती आहे.

आता सिनेमा. हा भाग मला सर्वांत आवडला आणि याची कुणी फारशी जाहिरात करत नाही. डिस्कवाला प्लेस्टेशन ५ म्हणजे ४के, म्हणजेच अल्ट्रा एचडी, ब्लू-रे प्लेयर. वेगळे चांगले प्लेयर बाजारातून निघूनच चाललेत. ओप्पोने २०१८ मध्ये ते बनवणं थांबवलं. मग उरला कन्सोल. अल्ट्रा एचडी डिस्कवरून सेकंदाला शंभर मेगाबिटहून जास्त माहिती येऊ शकते. नेटफ्लिक्स ४के साठी १५ मेगाबिटची जोडणी सुचवतं. हा फरक अंधाऱ्या दृश्यात दिसतो. ऑनलाइन बघताना रात्रीच्या आकाशात करड्या रंगाचे पायरीपायरीचे पट्टे पडतात. डिस्कवर तेच आकाश काळ्यातून निळ्यात असं विरघळत जातं की पट्टा सापडत नाही. आवाजातही फरक आहे, आणि तो माझ्याआधी बाबांना जाणवला. पाऊस पडत असलेलं एक दृश्य होतं. ते म्हणाले, "हा पत्र्यावरचा आहे, मघाचा कौलावरचा होता."

उणिवा आहेत. डिस्कवरच्या सिनेमाला डॉल्बी व्हिजन हे उजळ-गडद रंग खुलवणारं वरचं तंत्र मिळत नाही, त्याहून साध्या एचडीआर१० वर समाधान मानावं लागतं. थ्रीडी ब्लू-रे चालत नाही, जी प्लेस्टेशन ४ वर चालायची. आवाजासाठी ऑप्टिकल जॅक मागे दिलेला नाही, सगळं एकट्या एचडीएमआयमधून. बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर ऑप्टिकलचा, म्हणून तो टीव्हीच्या मागून जोडावा लागला. आणि मराठी सिनेमा मला अजून तरी ४के डिस्कवर दिसलेला नाही. घरातल्या मराठी डीव्हीडी मात्र सगळ्या चालल्या, आणि जुन्या असूनही मोठ्या टीव्हीवर बऱ्या दिसल्या.

माझा भाऊ जहाजावर असतो. गोव्यात घरटी एक तरी जहाजावर किंवा आखातात, त्यामुळे हे बऱ्याच जणांच्या कामाचं आहे. त्याने साउदम्प्टनला उतरल्यावर हौसेने डीव्हीडी आणल्या. एकही चालली नाही. डीव्हीडीला प्रदेश असतात. भारत पाचव्यात, युरोप आणि आखात दुसऱ्यात. साध्या ब्लू-रेलाही असतात, आपण सी मध्ये आणि ते बी मध्ये. अल्ट्रा एचडी ब्लू-रेला मात्र प्रदेशच नाही, कुठलीही कुठेही चालते. प्लेस्टेशन ५ च्या गेमच्या डिस्कही तशाच, बाहेरून आणलेल्या आमच्याकडे बिनतक्रार चालल्या. फक्त डब्यातल्या कागदावर जादा मालाचा कोड असेल तर तो त्या देशाच्या खात्यालाच लागतो. रेवाचं खातं भारतातलं, तिला तो मिळाला नाही आणि दोन दिवस ती मामावर रुसून होती.

डिस्क निवडण्याची ही डोकेदुखी नवी नाही. २००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी अशी दोन घराणी भांडत होती. सोनीने प्लेस्टेशन ३ मध्ये ब्लू-रे बसवला आणि त्यापायी अमेरिकेत किंमत ४९९ आणि ५९९ डॉलरवर नेली. लोक ओरडले. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० साध्या डीव्हीडीवरच ठेवला आणि एचडी डीव्हीडीचा ड्राइव्ह बाहेरून जोडायला दिला, वेगळे २०० डॉलर. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर या सिनेमा कंपनीने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने एचडी डीव्हीडी गुंडाळली. ज्यांनी तो बाहेरचा ड्राइव्ह घेतला होता त्यांच्याकडे नुसतं खोकं उरलं. ३६० वर मोठे गेम तीन-तीन, चार-चार डीव्हीडींवर यायचे, मध्येच उठून डिस्क बदलायची. फायनल फँटसी १३ तिथे तीन डिस्कवर होता, प्लेस्टेशन ३ वर एका ब्लू-रेवर. तेव्हा प्रश्न कोणती डिस्क घ्यायची हा होता. आता डिस्क घ्यायची की नाही हा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रो मध्ये ड्राइव्ह दिलेलाच नाही, हवा तर वेगळा घेऊन बसवायचा. एक्सबॉक्स सिरीज एस मध्ये तर बसवायचीही सोय नाही.

आणि दुकान बंद होतं तेव्हा काय होतं तेही दिसलंय. निन्तेन्दोने वी यू आणि ३डीएस या आपल्या जुन्या कन्सोलवरची गेमची ऑनलाइन विक्री २७ मार्च २०२३ ला थांबवली. एक्सबॉक्स ३६० चं स्टोअर २९ जुलै २०२४ ला बंद झालं. जे फक्त तिथेच मिळत होतं ते त्या तारखेनंतर विकत मिळेनासं झालं. डिस्कवर निघालेले गेम आजही कुणाच्या तरी कपाटात आहेत, हातोहात मिळतात. माझी मुलगी वीस वर्षांनी हा गेम पुन्हा खेळू शकेल का, हा विचार मला खरंच महत्त्वाचा वाटतो. बाबांच्या डब्यातल्या सीडी आज पंचवीस वर्षांच्या आहेत आणि वाजतात.

वाजतात, कारण बाबा त्यांना जपतात. गोव्यात डिस्क ठेवायची तर तिचा मुख्य शत्रू ओरखडा नसून बुरशी आहे. जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपला हिरव्या होतात, तिथे डिस्कच्या डबीतला कागद कसा टिकेल? आधी कागदावर पांढरे ठिपके येतात, मग डिस्कवर कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी उमटते. मी दुकानात गोळ्यांच्या बाटल्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या साठवते. हवाबंद प्लास्टिकच्या डब्यात डिस्क उभ्या लावायच्या, तळाशी आठ-दहा पुड्या, आणि पावसाळ्यात महिन्याने बदलायच्या. दोन पावसाळे गेले, एकाही नव्या डिस्कवर ठिपका नाही.

पुसायची वेळ आलीच तर मऊ सुती कापड, पाण्यात साबणाचा एक थेंब, आणि मधल्या भोकापासून कडेकडे सरळ रेषेत हात. गोल गोल नाही. माहिती गोलाकार रेषेत कोरलेली असते. आडव्या ओरखड्यात तिचे छोटे छोटे तुकडे जातात आणि यंत्र ते भरून काढतं. रेषेच्या दिशेने ओरखडा पडला तर लांबच लांब एक तुकडाच जातो. ब्लू-रेमध्ये माहिती पृष्ठभागापासून जेमतेम ०.१ मिलिमीटर खाली असते, म्हणून तिच्यावर कठीण लेप देतात. नखाने सहज ओरखडत नाही. सीडीत उलट आहे. तिथे माहिती छापील बाजूच्या अगदी खाली असते. सीडीच्या नावाच्या बाजूवर टोकदार पेनाने लिहू नका, बाबांची एक भैरवी तशीच गेली.

विजेबद्दल एकच सांगते. खेळताना कन्सोल २०० वॅटच्या आसपास घेतो. छोटा यूपीएस लावला की वीज गेल्यावर गेम जतन करून नीट बंद करण्याइतकी मिनिटं मिळतात. डिस्क चढत असताना वीज गेली तर पहिल्यापासून चढवावी लागते, आमचं दोनदा झालं, मग यूपीएस आणला. उभा ठेवायचा स्टँड वेगळा विकत मिळतो, घेऊ नका. आडवा ठेवायला दोन छोटे पाय सोबत येतात आणि आमच्या शोकेसमध्ये तो आडवाच बरा बसतो. डिस्क घातल्यावर सुरुवातीला घरघरतो, रात्री पलीकडच्या खोलीत ऐकू येतं, पण गेम सुरू झाल्यावर शांत.

बाबांच्या सीडींसाठी शेवटी माळ्यावरचा जुना डीव्हीडी प्लेयर खाली काढला. ट्रे अर्धवट उघडून अडकत होता. म्हापशाच्या एका दुरुस्तीवाल्याने आतला रबरी पट्टा बदलून दिला, दीडशे रुपये घेतले. आता तो कन्सोलच्या शेजारीच आहे. सकाळी पदेराची, म्हणजे पाववाल्याची, घंटी वाजायच्या आधी बाबा त्यात अभिषेकी लावतात.

भाऊ डिसेंबरमध्ये सुट्टीवर येतोय. त्याला यादी पाठवली आहे. गेमच्या डिस्क कुठल्याही बंदरातून आण, वापरलेल्या असल्या तरी चालतील, फक्त उजेडात धरून खालची बाजू बघून घे. सिनेमा काळ्या डबीतला, वर अल्ट्रा एचडी लिहिलेला. निळ्या डबीतला नको, डीव्हीडी तर अजिबातच नको. आणि रेवाने खाली स्वतःच्या हाताने लिहिलंय, "मामा, कोडवाला डबा आणू नकोस, आत डिस्क आहे का ते हलवून बघ."